दोष वाद्याचा, बोल लेकीला

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरची मे महिन्यातली दुपार म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, रस्ता ओस, दुकानाच्या पत्र्याखाली पंखासुद्धा गरम वाराच फेकत होता. अशा वेळी एक भगिनी आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या दुकानाची पायरी चढली. हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडूनच नेलेले युकुलेले.

"जयभीम दादा, जयभीम वहिनी. हे परत घेता का वो? निम्मे पैसे दिले तरी चालतील. पोरीला सूर न्हाई. उगं हौस केली."

मुलगी मान खाली घालून उभी होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोके लाल झालेली आम्ही पाहिली. आई विडी कामगार. आमच्या शहरात हजारो माताभगिनी दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घेतात. अशा मजुरीतून भिशी लावून तिने अठराशे रुपये जमवले होते आणि लेकीला वाद्य घेऊन दिले होते. आता ती निम्म्या पैशावर तयार होती. तिची तक्रार वाद्याबद्दल नव्हती, आमच्याबद्दल तर नव्हतीच. तिची तक्रार पोटच्या लेकीबद्दल होती.

वाचक बंधू-भगिनींनो, ही २०२२ सालची गोष्ट. त्या दुपारी आमच्या लक्षात आलेली आमची चूक आज चारचौघांत सांगावी असे वाटले, म्हणून हा लेख.

आमचे दुकान लहान आहे. बुधवार पेठेच्या बाजूला दहा बाय बाराची एक खोली. आम्ही नवरा-बायको मिळून ते चालवतो. आमच्यातल्या एकाचा हात लाकडात बसलेला, तर दुसरीचा कान सुरात. एकट्याने केलेले काम आमच्या दुकानातून बाहेर जात नाही, म्हणून या लेखातही 'मी' कुठे येणार नाही.

हा धंदा आमच्या घरात पिढीजात नाही. घरातल्या आजोबांकडे गावकीची हलगी होती. गावात कुणाचे लग्न असो, मयत असो, जत्रा असो, बोलावणे आले की हलगी घेऊन जायचे आणि मिळेल ते शिळेपाके घेऊन यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आजोबांनी हलगी खुंटीला टांगली, ती परत काढली नाही. दोष हलगीचा नव्हता, ती ज्या कामाला जुंपली होती त्या कामाचा होता. पण घरातला ताल काही गेला नाही. वडील सोलापूरला एका कापड गिरणीत मागावर लागले आणि रात्री गायन पार्टीत पेटी वाजवू लागले. पुढे गिरणी बंद पडली. हिशेबाचे पैसे वर्षानुवर्षे अडकले. तेव्हा पार्टीची फुटलेली पेटी दुरुस्त करता करता वडील दुसऱ्यांच्या पेट्या दुरुस्त करू लागले. तेच आमचे दुकान.

त्यामुळे आमच्याकडे मुख्य काम पेटी, ढोलकी, तबला आणि बेंजोचे. जयंतीच्या आधी महिनाभर तर जेवायला उसंत नसते. कुणाच्या पेटीचा भाता फाटलेला असतो, कुणाची स्वरपट्टी बसलेली असते, कुणाच्या ढोलकीला शाई लावायची असते. गिटार अधूनमधून यायची. युकुलेले आले ते करोनाच्या टाळेबंदीनंतर. पोरांनी मोबाईलवर पाहिले, लहान आहे, चारच तारा आहेत, गिटारपेक्षा स्वस्त आहे, म्हणून मागणी सुरू झाली. आम्ही व्यापाऱ्याकडून खोकी मागवली आणि खोकी तशीच विकली. वर सेलोटेप सुद्धा फोडली नाही. नवी कोरी वस्तू आहे, त्यात काय तपासायचे, असे आम्हाला वाटले. पेटी मात्र आम्ही सूर न् सूर वाजवून पाहिल्याशिवाय कधी दिली नव्हती. ही आमची चूक.

त्या दुपारी आम्ही मायलेकींना माठातले पाणी दिले, बसवले आणि मुलीला म्हटले, "बाळ, वाजवून तर दाखव."

तिने आधी चारही तारा मोकळ्या छेडल्या. मोबाईलवर पाहून तिने त्या नीट मिळवल्या होत्या. मग 'सी' म्हणून जो सूरसमूह मुले पहिल्यांदा शिकतात तो वाजवला. त्याला एकच बोट लागते, तेही तिसऱ्या पडद्यावर. ते ठीक वाटले. मग तिने 'एफ' धरला. त्यात एक बोट पहिल्या पडद्यावर येते. ते बोट येताच सगळे बेसूर झाले आणि मुलीने तोंड वाकडे करून हात काढून घेतला.

"इथंच माझं चुकतंय, काकू. कितीबी दाबलं तरी चुकतंय."

आमच्यातल्या कान असलेलीने पेटीवर पांढरी एकचा सा धरला आणि म्हणाली, "आता नुसतं तोंडानं म्हण. सा, रे, ग, म." मुलगी विहारात वंदना म्हणणारी. तिने म्हटले. ग ठीक, आणि म तर अगदी जिथल्या तिथे. मग युकुलेलेवर तोच म वाजवला, तर तो वर चढलेला.

म्हणजे पोरीला सूर नव्हता असे नाही. सूर होता, म्हणूनच तिला चूक ऐकू येत होती. ज्याला सूर नसतो तो बेसूर वाद्य आनंदाने वाजवत बसतो. दोन महिने ही लेक रोज बरोबर ऐकत होती आणि रोज स्वतःला दोष देत होती.

आता हे का होते ते सांगतो, कारण पुढेमागे तुमच्या घरीही असे वाद्य येईल.

युकुलेलेच्या मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या खाली, एक आडवी बारीक पट्टी असते. तिला कारागीर नट म्हणतात. आपल्याकडे तंबोऱ्याला जशी खुंट्यांजवळ पट्टी असते तशीच. तिच्यात चार खाचा असतात आणि त्यांतून तारा खाली येतात. कारखान्यात या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात. खाच जास्त खोल गेली तर तार पडद्याला लागून खरखरते आणि ती पट्टी बदलावी लागते. उथळ ठेवली तर निदान आवाज तरी येतो. नेमकी खोली काढायला माणसाचा वेळ लागतो आणि स्वस्तातल्या वाद्यावर तेवढा वेळ कुणी घालवत नाही. ते काम पुढे दुकानदाराने करायचे असते. आम्ही ते केले नव्हते.

खाच उथळ राहिली की तार पहिल्या पडद्यापासून उंच राहते. मग ती दाबायला जोर लागतो, म्हणून बोटे लाल होतात. शिवाय उंचावरून खाली दाबताना तार ताणली जाते, आणि ताणलेल्या तारेचा सूर चढतो. मोकळ्या तारा बरोबर, वरचे पडदे साधारण बरोबर, पण पहिला पडदा चुकीचा, असे होते. नव्या शिकणाराची बोटे सगळ्यात जास्त तिथेच असतात. म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्याच्याच वाटेला सगळ्यात कठीण जागा येते.

हे तपासणे सोपे आहे. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरायची आणि पहिल्या पडद्याजवळ पाहायचे. पडदा आणि तार यांच्यात एका कागदाची फट असावी. त्या मुलीच्या वाद्यात जाड पुठ्ठा जाईल एवढी फट होती.

आम्ही गॅस वेल्डिंगवाले नोझल साफ करायला ज्या बारीक कानशीसारख्या तारा वापरतात त्यांचा जुडगा काढला. त्यातल्या एकेकीची जाडी वेगळी असते, म्हणून तारेच्या जाडीप्रमाणे खाच घासता येते. चार घासे मारायचे, तार बसवायची, पाहायचे, पुन्हा चार घासे. घाई चालत नाही, कारण घासलेले परत येत नाही. जास्त गेलेच तर खाचेत खाण्याच्या सोड्याची चिमूट आणि फेविक्विकचा थेंब टाकून ती भरता येते, पण ते ठिगळच. पाऊण तासात चारही खाचा झाल्या. मग आमच्यातल्या कान असलेलीने पेटीवर म धरला आणि मुलीच्या हातात वाद्य दिले.

तिने 'एफ' वाजवला. मग थांबली. मग पुन्हा वाजवला.

"काका, हे माझंच हाय का? का दुसरं दिलं?"

"तुझंच आहे, बाळ."

आईने कंबरेची पिशवी काढली. "किती झाले, दादा?" आम्ही म्हटले, पैसे नाहीत, उलट आम्हीच तुमचे देणेकरी आहोत, वाद्य नीट करून देणे आमचे काम होते, ते आम्ही केले नाही. आई थोडा वेळ गप्प बसली. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मी हिला किती बोलले वो." आणि पिशवी बांधता बांधता जाता जाता तिने विचारले, "मग बाकीच्यांनी नेल्याली हैत, त्यांचं काय?"

त्या प्रश्नाने आमची झोप गेली. रात्री वही काढली. त्या अकरा महिन्यांत आम्ही चौदा युकुलेले विकली होती. चौदाच्या चौदा न उघडता. त्यात घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा होता, रिक्षावाल्याच्या दोन मुली होत्या, यंत्रमागावर काम करणारा एक तरुण होता. दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला सुरुवात केली. नऊ वाद्ये परत आली. नऊपैकी सात वाद्यांत तोच दोष होता. दोघांनी वाद्य विकून टाकले होते. दोघांचे फोन लागले नाहीत. आणि एक मुलगा फोनवर म्हणाला, "नको आता. मला जमत नाही ते." आम्ही परोपरीने सांगितले की दोष तुझा नसेल, घेऊन तरी ये. तो आला नाही. एकदा मनात बसलेले 'मला जमत नाही' हे कानशीने घासून निघत नाही.

आपल्या समाजाला ही गोष्ट विस्ताराने सांगायची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच सांगितले गेले की तुमच्यातच काही कमी आहे. बाकी कशात असेल ते कुणी तपासले नाही. निदान आपल्या घरात तरी लेकराला बोल लावण्याआधी वाद्य तपासावे, पाटी तपासावी, दिवा तपासावा.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात नियम झाला. कुठलेही तंतुवाद्य आधी टेबलावर, मग गिऱ्हाइकाच्या हातात. ते काम कसे चालते ते क्रमाने सांगतो.

खोके आले की त्याच दिवशी उघडत नाही. ट्रकमधून तापून आलेले लाकूड एक दिवस सावलीत राहू देतो. उघडल्यावर आधी नुसते पाहतो. कुठे चीर, कुठे सांधा सुटलेला. मग हलवून पाहतो, आत काही वाजते का. बोटाने पोट टकटकवतो. सुटलेली पट्टी आत असेल तर तिचा फुटका आवाज वेगळा येतो. मग तारा जिथे खाली बांधलेल्या असतात त्या घोडीच्या कडेला साधा कागद सरकवतो. कागद आत गेला तर घोडी उचलली आहे, डिंक सुटला आहे. असे वाद्य आम्ही परत पाठवतो, दुरुस्त करून विकत नाही.

मग बंदूक धरतात तसे वाद्य डोळ्याशी धरून मानेवरून नजर टाकतो. मान सरळ हवी, पीळ नको. पडद्यांच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवतो. कापूस अडकला तर पडद्याचे टोक बाहेर आले आहे असे समजायचे. आपल्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, पण पितळ-निकेलचा पडदा आकसत नाही, म्हणून त्याची टोके बाहेर येतात आणि हात कापतो. ती टोके बारीक कानशीने गोल करतो. मग पोलादी पट्टीचा लहान तुकडा तीन पडद्यांवर ठेवून डुगडुगतो का पाहतो. डुगडुगला तर मधला पडदा उंच आहे. लाकडावर चिकटपट्टी लावून तेवढाच पडदा घासतो.

त्यानंतर खाचा, ज्याबद्दल वर सांगितले. त्यानंतर खालच्या बाजूची उंची. बाराव्या पडद्यावर तार साधारण अडीच मिलिमीटर उंच असली की हाताला सोपी आणि आवाजाला मोकळी राहते. ती जास्त असेल तर घोडीवरची पांढरी पट्टी काढून तिची खालची बाजू घासावी लागते. इथे हिशेब ध्यानात ठेवायचा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर उंची कमी करायची तर घोडीवर एक मिलिमीटर घासावे लागते. आम्ही काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून त्यावर ही पट्टी घासतो, म्हणजे तळ सपाट राहतो.

मग तारा. युकुलेलेच्या तारा नायलॉनसारख्या असतात, पोलादी नव्हे. कुणी हौसेने पोलादी तारा लावल्या तर त्यांच्या ताणाने घोडीच उपटून येते. नवी तार पहिले काही दिवस ताणत राहते, म्हणून सूर सतत उतरतो. लोकांना वाटते खुंटी खराब आहे. आम्ही तार हाताने हलकी ओढतो, मिळवतो, पुन्हा ओढतो, पुन्हा मिळवतो.

सूर कसे मिळवायचे ते आपल्या पेटीच्या भाषेत सांगतो. पांढरी एकचा सा धरला तर वरून खाली चार तारा येतात त्या प, सा, ग, ध. गंमत अशी की सगळ्यात वरची तार जाड आवाजाची नाही. तो प सा च्या खालचा नसून वरचा आहे. त्यामुळेच या वाद्याचा आवाज असा खेळकर येतो. ज्याला पेटी येते त्याला हे एका संध्याकाळी समजते.

शेवटी परीक्षा. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून तार छेडली की एक शीळ येते. मग तिथेच तार दाबून छेडायची. दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला चढा आला तर उंची अजून जास्त आहे किंवा तार खराब आहे. आणि मग चार तारांचे बारा-बारा पडदे, एकूण अठ्ठेचाळीस सूर, एकेक करून वाजवायचे. एकही सूर खरखरता कामा नये. हे काम आमच्यातल्या कान असलेलीचे. ती डोळे मिटून ऐकते आणि तेव्हा दुकानात कुणी बोलायचे नाही.

एका वाद्याला तास-दीड तास जातो. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. नफा कमी होतो, हे खरे. पण वाद्य परत येत नाही.

ही कागदाच्या फटीची विद्या काही परदेशातून आलेली नाही. आपल्या शेजारी मिरजेला तंबोरे आणि सतारी बनतात. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातल्या, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या, फरीदसाहेबांनी हे काम सुरू केले. तलवारी संपल्या तेव्हा ते हात वाद्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूने जातात, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी किंचित गोलसर घासून त्यावर तार अशी टेकवतात की ती माथ्याला लागते-न-लागते. वर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज खुलवतात. त्याला जवारी काढणे म्हणतात. आम्ही ते काम मिरजेला एका वयस्क कारागिराजवळ बसून पाहिले आहे. त्यांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली. कानशी हातात असली तरी काम कानाने करायचे.

काही ज्येष्ठ मंडळी दुकानात येऊन म्हणतात, "हे कसलं परदेशी खेळणं पोरांच्या हातात देता? आपली पेटी शिकवा की." आम्ही त्यांचा मान राखून सांगतो की, दादा, पेटी तरी कुठे आपली होती? ती युरोपातून आली आणि कलकत्त्याला तिला हाताच्या भात्याचे रूप मिळाले. आकाशवाणीने तर १९४० ते १९७१ पर्यंत पेटीला दारातच उभे केले होते. आणि आपल्या पार्ट्यांतला बेंजो जपानमधल्या १९१२ सालच्या एका वाद्याचा वंशज आहे. ज्या वाद्यावर आपले माणूस आपले दुःख आणि आपला आनंद गाते, ते वाद्य आपले. वामनदादा कर्डकांची (१९२२ ते २००४) गाणी गावोगाव पोहोचली ती ज्याला जे वाद्य मिळाले त्यावर.

आणि युकुलेलेचा इतिहास तर कष्टकऱ्यांचाच आहे. पोर्तुगालच्या मादेरा बेटावरून 'रेवन्सक्रॅग' नावाचे जहाज ऑगस्ट १८७९ मध्ये हवाई बेटांतल्या होनोलुलू बंदराला लागले. त्यात शेकडो माणसे होती आणि ती उसाच्या मळ्यांवर कराराने राबायला आली होती. त्यांच्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे होते. मळ्यातला करार संपल्यावर त्यांनी आपल्या बेटावरच्या लहान चार तारी वाद्यावरून तिथल्या लाकडात वाद्ये घडवली. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिले युकुलेले. त्याचा अर्थ साधारणपणे 'उडी मारणारी पिसू' असा सांगतात, वाजवणाराची बोटे तशी उडतात म्हणून. तिथला राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात मान दिला. ऊसतोडीला जाणारी घरे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. उसाच्या फडातून आलेले वाद्य त्यांच्या लेकरांना परके का वाटावे?

आता पालकांसाठी चार कामाच्या गोष्टी.

वाद्य कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असे नाही. पण दुकानात उघडून घ्या. पहिल्या पडद्यावर चारही तारा दाबून पाहा. बोट दुखले तर दुकानदाराला खाचा घासून मागा. हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. घरपोच मागवलेले असेल तर जवळच्या कारागिराला एकदा दाखवा.

घर पत्र्याचे असेल तर उन्हाळ्यात वाद्य भिंतीला टांगू नका. भिंत तापते, डिंक सुटतो. जमिनीवर, पिशवीत, सावलीत ठेवा. पिशवीत भोके पाडलेली साबणाची डबी आणि तिच्यात ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवला तर लाकडाला थोडा ओलावा मिळतो. पाणी ठिबकता कामा नये. मोटारसायकलीला बांधून उन्हात तर कधीच ठेवू नका.

शिकणाऱ्या लेकराला रोज वीस मिनिटे पुरे. बोटे पहिले काही दिवस थोडी दुखतात. ती लाल होऊन सोलवटली तर मात्र वाद्याकडे पाहा.

आणि लेकरू म्हणाले, "माझं चुकतंय", तर एकदा विचारा, "कुठं चुकतंय ते दाखव." ते जिथे बोट ठेवील तिथे बहुतेक वेळा खरे कारण सापडते.

ती मुलगी आता दहावी उत्तीर्ण होऊन पुढे शिकते आहे. मोठी वादक झाली असे काही नाही, पण रविवारी विहारात लहान मुलांच्या गाण्याला साथ करते आणि त्यांच्या तारा तीच मिळवून देते. कुणाचा सूर चुकला की आधी त्याचे वाद्य हातात घेते, तिसऱ्या पडद्यावर तार दाबते आणि पहिल्या पडद्याजवळ डोळा नेते. आम्ही हे तिला शिकवले नव्हते. त्या दुपारी आम्ही काय करतो ते ती पाहत होती एवढेच.

'नको आता' म्हणणारा मुलगा अजून आलेला नाही. वहीत त्याच्या नावापुढची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. हा अंक त्याच्या घरी जात असेल तर त्याच्या आई-वडिलांना आमचा निरोप आहे. वाद्य माळ्यावर पडले असेल तर खाली काढा आणि घेऊन या. पैसे लागणार नाहीत. पोराला म्हणावे, काका-काकूंनी बोलावले आहे, आणि चूक त्यांची होती.

जयभीम.